सी भाषेतील स्ट्रिंगच्या दोन्ही टोकांची रिक्तचिन्हे : स्मृतीचे स्वामित्व आणि देवनागरी मजकुराचा प्रश्न

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रवेश अर्जांवरून विद्यार्थ्यांची यादी संगणकात भरली जाते. भरणाऱ्याच्या हातून एखाद्या नावानंतर अंतराची कळ एकदा अधिक दाबली जाते. ही अधिकची जागा पडद्यावर दिसत नाही आणि छापील यादीतही दिसत नाही. पुढे प्रवेशाची यादी व परीक्षेची यादी यांची तुलना करण्याची वेळ येते, तेव्हा दोन्ही याद्यांत ‘नीळकंठ’ हेच नाव असूनही संगणक ती दोन भिन्न नावे मानतो, कारण एका नावाच्या शेवटी एक रिक्त जागा आहे. माणसाच्या दृष्टीने जे काहीच नाही, ते संगणकाच्या दृष्टीने ‘अ’ किंवा ‘क’ इतकेच खरे अक्षर असते. म्हणून मजकूर साठविण्यापूर्वी किंवा त्याची तुलना करण्यापूर्वी त्याच्या आरंभीची व शेवटची रिक्त जागा काढून टाकणे हे माहितीप्रक्रियेतील एक नित्यकर्म होय.

बहुतेक आधुनिक संगणकभाषांत हे काम एका शब्दात होते. पायथॉनमध्ये त्यासाठी ‘स्ट्रिप’ आहे, जावामध्ये ‘ट्रिम’ आहे आणि एके काळी अनेक कार्यालयांत वापरल्या गेलेल्या फॉक्सप्रोमध्ये ‘ऑलट्रिम’ होते. सी भाषेत मात्र असे फंक्शन नाही. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या या भाषेचे पहिले अमेरिकी प्रमाणीकरण १९८९ मध्ये व आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण १९९० मध्ये झाले. त्यानंतर १९९९ व २०११ मध्ये मोठ्या सुधारणा झाल्या आणि सी-२३ ही आवृत्ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. यांपैकी कोणत्याही आवृत्तीच्या प्रमाणित ग्रंथालयात स्ट्रिंगची दोन्ही टोके स्वच्छ करणारे फंक्शन समाविष्ट झालेले नाही. परिणामी प्रत्येक विद्यार्थी व प्रत्येक व्यावसायिक ते स्वतः लिहितो आणि बहुधा सदोष लिहितो.

वरवर पाहता हा दहा ओळींचा प्रश्न आहे. परंतु या दहा ओळी लिहिताना दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. ज्या स्मृतीत मजकूर आहे तिचा स्वामी कोण, हा पहिला प्रश्न. आणि ‘रिक्त’ म्हणजे नेमके काय, हा दुसरा. पाठ्यपुस्तकांत पहिल्या प्रश्नाची चर्चा थोडीफार आढळते. दुसरा प्रश्न इंग्रजी मजकुरापुरता इतका सोपा आहे की तो प्रश्न आहे हेच लक्षात येत नाही. मजकूर मराठी झाला की तो समोर उभा राहतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांचा ऊहापोह केला असून दुसऱ्याकडे अधिक लक्ष दिले आहे.

रिक्तचिन्हे कोठून येतात

प्रमाणित सी भाषेच्या मूळ लोकेलमध्ये, म्हणजे भाषा-प्रदेशविषयक मूळ मांडणीत, सहा चिन्हे रिक्त मानली जातात : साधी रिक्त जागा, आडवा टॅब, नवी ओळ, उभा टॅब, नवे पान आणि कॅरेज रिटर्न. यांचे संकेतांक अनुक्रमे ३२, ९, १०, ११, १२ व १३ असे आहेत. या सर्वांसाठी येथे ‘रिक्तचिन्ह’ ही एकच संज्ञा वापरली आहे.

ही चिन्हे केवळ टंकलेखनातील निष्काळजीपणामुळे येतात असे नाही. छिद्रित पत्रिकांच्या काळात एका पत्रिकेवर ८० स्तंभ असत आणि नावासाठी ठरावीक स्तंभ राखून ठेवलेले असत. नाव लहान असेल तर उरलेले स्तंभ मोकळे राहत. हीच पद्धत पुढे ठरावीक रुंदीच्या रकान्यांत आली. डीबेस व फॉक्सप्रो यांच्या डीबीएफ फायलींत अक्षरांचा रकाना तीस रुंदीचा असेल आणि नाव दहा बाइटचे असेल, तर उरलेले वीस बाइट रिक्त जागांनी भरलेले असतात. अशा जुन्या फायलींतील माहिती आजच्या प्रणालींत आणताना शेवटची रिक्त जागा काढणे अपरिहार्य ठरते.

सी भाषेत एक ओळ वाचण्यासाठी ‘एफगेट्स’ हे फंक्शन वापरतात. ते ओळीच्या शेवटचे ‘नवी ओळ’ हे चिन्हही स्ट्रिंगमध्ये ठेवते. त्याचा जुना सोबती ‘गेट्स’ हे चिन्ह काढून टाकत असे. परंतु दिलेल्या जागेची मर्यादा तो पाळू शकत नसल्याने २०११च्या प्रमाणातून तो वगळण्यात आला. विंडोजवर तयार झालेल्या मजकूर फायलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी १३ व १० अशी दोन चिन्हे असतात. ती फाईल लिनक्सवर वाचून केवळ १० हे चिन्ह काढले, तर १३ मागे राहते आणि तुलना पुन्हा फसते. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांत ‘माझ्या घरच्या संगणकावर चालते, प्रयोगशाळेतील संगणकावर चालत नाही’ ही जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे कित्येकदा हा एकच बाइट असतो.

स्मृतीचे स्वामित्व

सी भाषेत स्ट्रिंग हा स्वतंत्र प्रकार नाही. स्मृतीत ओळीने ठेवलेले बाइट आणि त्यांच्या शेवटी शून्य मूल्याचा एक बाइट, एवढेच तिचे स्वरूप. स्ट्रिंगची लांबी कोठेही लिहून ठेवलेली नसते. शून्य सापडेपर्यंत मोजत जावे लागते. स्ट्रिंग एखाद्या फंक्शनकडे ‘दिली’ असे म्हटले, तरी प्रत्यक्षात तिच्या पहिल्या बाइटचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, तेवढा दिला जातो.

या रचनेमुळे शेवटची रिक्तचिन्हे काढणे सोपे असते. शेवटच्या अर्थपूर्ण बाइटच्या पुढे शून्य लिहिले की स्ट्रिंग तेथेच संपते. आरंभीची रिक्तचिन्हे काढण्याचे मात्र दोन मार्ग संभवतात. पॉइंटर पुढे सरकवून पहिल्या अर्थपूर्ण बाइटचा पत्ता परत देता येतो, किंवा उरलेला मजकूर उचलून आरंभी आणता येतो.

पहिला मार्ग जलद व आकर्षक असला तरी त्यात धोका आहे. मूळ स्मृती ‘मॅलॉक’ या फंक्शनद्वारे मिळविलेली असेल, तर ती परत करण्यासाठी ‘फ्री’ला मॅलॉकने दिलेलाच पत्ता द्यावा लागतो. तीन रिक्त जागा ओलांडून आलेला पत्ता दिल्यास प्रोग्रॅमचे वर्तन प्रमाणानुसार अनिश्चित ठरते. लिनक्सवर बहुधा अवैध पॉइंटरचा संदेश येऊन प्रोग्रॅम बंद पडतो; इतरत्र तो चालू राहतो आणि पुढे कोठेतरी कोसळतो. जमिनीच्या व्यवहारातील भाषेत सांगायचे तर ‘फ्री’ वहिवाट पाहत नाही, सातबारा पाहते. पुढे सरकवलेल्या पॉइंटरकडे केवळ वहिवाट असते.

दुसऱ्या मार्गात पत्ता बदलत नाही; मजकूर सरकतो. येथे ‘मेममूव्ह’ हे फंक्शन वापरणे आवश्यक आहे. स्ट्रिंगची नक्कल करणारे नेहमीचे फंक्शन वापरण्याचा मोह होतो, कारण ते अधिक परिचित असते. परंतु मूळ जागा व नवी जागा एकमेकींवर येत असतील तर त्या फंक्शनच्या वर्तनाची हमी प्रमाण देत नाही. मेममूव्ह नेमके याच परिस्थितीसाठी आहे.

दोन्ही मार्गांत मूळ मजकूर बदलतो. तो बदलण्याचा अधिकार असेलच असे नाही. प्रोग्रॅममध्ये अवतरणचिन्हांत लिहिलेली स्ट्रिंग आजच्या प्रणालींवर बहुधा केवळ वाचता येण्याजोग्या स्मृतीत ठेवली जाते आणि तीत शून्य लिहिण्याचा प्रयत्न केल्यास प्रोग्रॅम तत्काळ बंद पडतो. म्हणून तिसरा मार्ग नव्या प्रतीचा. फंक्शनने स्वतः स्मृती मिळवून तीत स्वच्छ मजकूर ठेवावा व तिचा पत्ता परत द्यावा; मग ती स्मृती मोकळी करण्याचे उत्तरदायित्व फंक्शनला हाक मारणाऱ्यावर येते आणि ते विसरले गेले की स्मृतिगळती सुरू होते. चौथ्या मार्गात काहीच बदलत नाही व काहीच नव्याने निर्माण होत नाही. स्वच्छ भागाचा आरंभ आणि त्याची लांबी एवढ्या दोन गोष्टी फंक्शन परत देते. मोठ्या फायली वाचणाऱ्या प्रोग्रॅमसाठी हाच मार्ग सर्वांत हितकर आहे. मात्र असा भाग शून्याने संपत नसल्याने ग्रंथालयातील नेहमीची फंक्शने त्यावर सरळ चालत नाहीत.

प्रमाण ग्रंथालयात हे फंक्शन का नाही याचे उत्तर बहुधा येथेच आहे. चार मार्ग आहेत, प्रत्येकाचा करार वेगळा आहे आणि त्यांपैकी एकही सर्व प्रसंगी योग्य नाही. ज्या भाषांत स्मृतीची व्यवस्था भाषाच पाहते आणि स्ट्रिंग मुळातच बदलता येत नाही, त्या भाषांत नव्या प्रतीचा एकच मार्ग उरतो, म्हणून तेथे एक शब्द पुरतो. जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. विद्यार्थी या फंक्शनला हटकून ‘एसटीआर’ या अक्षरांनी आरंभ होणारे नाव देतात. त्या तीन अक्षरांपुढे लहान लिपीतील अक्षर येणारी फंक्शननामे प्रमाणाने भविष्यकालीन विस्तारासाठी राखून ठेवलेली आहेत. प्रोग्रॅम त्यामुळे आज अडत नाही, पण दुसरे नाव शोधणे हिताचे.

रिकाम्या स्ट्रिंगची कसोटी

ब्रायन कर्निगन व डेनिस रिची यांच्या प्रसिद्ध पुस्तकाच्या १९८८च्या दुसऱ्या आवृत्तीत, तिसऱ्या प्रकरणात, ‘ट्रिम’ नावाचे एक छोटे फंक्शन आहे. ते केवळ शेवटची चिन्हे काढते. स्ट्रिंगच्या लांबीतून एक वजा करून ते शेवटच्या बाइटवर जाते आणि रिक्त जागा, टॅब व नवी ओळ यांखेरीज काही सापडेपर्यंत मागे येते. क्रमांक शून्यापेक्षा लहान झाला की ते थांबते. स्ट्रिंग रिकामी असेल तर आरंभीचा क्रमांक उणे एक येतो, फेरी एकदाही चालत नाही आणि सर्व सुरळीत पार पडते.

हे सुरळीत पार पडण्याचे कारण असे की, तेथील क्रमांक ऋण मूल्य धारण करू शकणारा साधा पूर्णांक आहे. आजचे कंपायलर लांबी अशा पूर्णांकात ठेवल्याबद्दल सूचना देऊ शकतात, कारण लांबी मोजणाऱ्या ‘स्ट्रलेन’चे उत्तर ऋण होऊ न शकणाऱ्या प्रकारात येते. ती सूचना नाहीशी करण्यासाठी विद्यार्थी क्रमांकाचाही प्रकार बदलतो. आता शून्यातून एक वजा केल्यास उणे एक न येता, ६४ बिटांच्या संगणकावर १८४४६७४४०७३७०९५५१६१५ ही संख्या येते. शिवाय ‘क्रमांक शून्याहून लहान नाही’ ही अट कायमच सत्य ठरते. रिकामी ओळ किंवा केवळ रिक्त जागांची ओळ आली की प्रोग्रॅम आपल्या हद्दीबाहेरची स्मृती वाचू लागतो आणि कधी तेथे शून्यही लिहून येतो. सूचना टाळण्यासाठी केलेल्या दुरुस्तीतून दोष उत्पन्न व्हावा, हे या विषयातले एक मार्मिक उदाहरण आहे.

यावरील उपाय साधा आहे. क्रमांकाऐवजी लांबीच हाताशी धरावी. लांबी शून्याहून मोठी आहे का हे प्रथम पाहावे आणि मगच लांबीतून एक वजा केलेल्या स्थानावरील बाइट तपासावा. तो रिक्त असेल तर लांबी एकाने कमी करावी. या मांडणीत ऋण मूल्याची गरजच पडत नाही.

वेळेचा प्रश्न

मजकूर लहान असतो तोवर कोणतीही पद्धत पुरेशी जलद वाटते. परंतु २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे जगप्रसिद्ध संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद पडले, त्याचे कारण मजकुराच्या टोकांची रिक्तचिन्हे काढणारी एक नियमित पदावली हे होते. तेथील प्रोग्रॅम सी भाषेतला नव्हता, पण चूक कोणत्याही भाषेत होण्याजोगी आहे. एका मजकुरात सुमारे २०,००० रिक्तचिन्हे सलग आली होती, मात्र ती ओळीच्या शेवटी नव्हती. त्यांच्यापुढे आणखी एक अक्षर होते. पदावलीने पहिल्या रिक्तचिन्हापासून चालत जाऊन ते अक्षर गाठले व हा शेवट नव्हे असे ठरविले; मग दुसऱ्या चिन्हापासून पुन्हा तोच प्रवास केला, नंतर तिसऱ्यापासून. एकूण तुलना सुमारे २० कोटी झाल्या. त्या पदावलीच्या जागी साधे फंक्शन बसविल्यावर प्रश्न मिटला.

सी भाषेत हीच चूक दोन रूपांत दिसते. आरंभीचे एकेक रिक्तचिन्ह काढताना प्रत्येक वेळी संपूर्ण स्ट्रिंग एका स्थानाने सरकविणे हे पहिले रूप, आणि फेरीच्या अटीत प्रत्येक वेळी स्ट्रलेनला हाक मारणे हे दुसरे. लांबी एकदाच मोजावी, शेवटाकडून मागे यावे, आरंभाकडून पुढे जावे आणि मजकूर एकदाच सरकवावा. शेवट प्रथम स्वच्छ केला तर सरकवावयाचा मजकूरही कमी राहतो.

‘रिक्त’ कोणी ठरवायचे

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येईल. एखादा बाइट रिक्तचिन्ह आहे काय, हे पाहण्यासाठी सी भाषेत ‘इझस्पेस’ नावाचे फंक्शन आहे. त्याला द्यावयाचे मूल्य ० ते २५५ या मर्यादेत असले पाहिजे, अथवा फाईल संपल्याचे ठरावीक ऋण मूल्य असले पाहिजे. अन्य काही दिल्यास वर्तन अनिश्चित होते.

इंग्रजी अक्षरांचे सर्व संकेतांक १२८ पेक्षा लहान असल्याने ही अट आपोआप पाळली जाते. देवनागरीचे तसे नाही. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरी विभागातील प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि तिन्ही बाइट १२७ पेक्षा मोठे असतात. पहिला बाइट नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५ आणि तिसरा १२८ ते १९१ यांपैकी एखादा. ‘विद्यापीठ’ या शब्दाला चार अक्षरे असली तरी संकेतनाच्या दृष्टीने त्यात व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, प, दुसरी वेलांटी व ठ अशी नऊ चिन्हे आहेत, म्हणजे एकूण २७ बाइट.

इंटेल पद्धतीच्या संगणकांवर सी भाषेतील ‘कॅर’ हा साधा प्रकार सहसा ऋण-धन मूल्यांचा असतो. त्यात २२४ हा बाइट उणे ३२ म्हणून वाचला जातो, १६४ हा उणे ९२ म्हणून आणि १६० हा उणे ९६ म्हणून. अशा रीतीने मराठी मजकुरातील प्रत्येक अक्षर इझस्पेसच्या मर्यादेबाहेर जाते. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने दोषशोधनासाठी तयार केलेला प्रोग्रॅम या ठिकाणी थांबून इशारा देतो. अन्यत्र प्रोग्रॅम एखाद्या तक्त्याच्या आरंभापूर्वीची स्मृती वाचतो आणि जे हाती येईल ते उत्तर म्हणून देतो. इंग्रजी नावांवर वर्षानुवर्षे निर्धोक चाललेला प्रोग्रॅम मराठी नाव येताच अविश्वसनीय ठरतो, तो असा. म्हणून इझस्पेसला मूल्य देण्यापूर्वी त्याचे ‘अनसाइन्ड कॅर’ या प्रकारात रूपांतर करणे अनिवार्य आहे. चांगल्या पुस्तकांत ही सूचना असते, पण ती का पाळायची हे इंग्रजी उदाहरणांतून कधी जाणवत नाही.

हे रूपांतर केले की प्रश्न सुटला असे समजणे मात्र घाईचे होईल. इझस्पेसचे उत्तर लोकेलवर अवलंबून असते. प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा ‘सी’ हे मूळ लोकेल लागू असते व वर दिलेली सहाच चिन्हे रिक्त ठरतात. पण प्रोग्रॅमने वापरकर्त्याच्या संगणकाचे लोकेल स्वीकारले, तर ही यादी वाढू शकते. पश्चिम युरोपीय भाषांसाठी विंडोजवर रूढ असलेल्या १२५२ या संकेतपृष्ठात १६० या स्थानी ‘न तुटणारी रिक्त जागा’ आहे आणि तशा लोकेलमध्ये इझस्पेस त्या बाइटला रिक्तचिन्ह मानू शकते.

हा १६० अंकाचा बाइट देवनागरीत कोठे येतो? ‘ठ’ या अक्षराचे तीन बाइट २२४, १६४ व १६० असे आहेत. अर्थात ‘विद्यापीठ’ या शब्दाचा शेवटचा बाइट १६० होय. शेवटची रिक्तचिन्हे काढणारे फंक्शन त्याला रिक्त समजून तोडून टाकते. आधीचा १६४ हा बाइट रिक्त नसल्याने ते तेथे थांबते. उरतात २६ बाइट, ज्यांतील शेवटचे दोन कोणतेही पूर्ण अक्षर दर्शवीत नाहीत. पडद्यावर ‘विद्यापी’ आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह असलेला चौकोन दिसतो. वैध यूटीएफ-८ मजकुराचीच अपेक्षा करणारी माहितीप्रणाली अशी नोंद स्वीकारण्यास नकार देते. हीच गत पाठ, काठ, मठ, ज्येष्ठ, कनिष्ठ आणि प्रारंभी उल्लेखिलेल्या नीळकंठ यांची. ‘ठ’ शेवटी नसलेले शब्द सुखरूप राहतात, त्यामुळे दोष क्वचित दिसतो. आणि क्वचित दिसणारा दोष शोधणे अधिक कठीण. आरंभाकडून मात्र देवनागरी शब्दाला धोका नाही, कारण तेथे नेहमी २२४ हा बाइट असतो.

हा धोका केवळ काल्पनिक नाही. पोस्टग्रेएसक्यूएल या माहितीप्रणालीच्या ‘एचस्टोअर’ या विस्तारात २०२३ मध्ये याच प्रकारच्या दोषाची दुरुस्ती करण्यात आली. मॅक संगणकप्रणालीवर, यूटीएफ-८ लोकेलमध्ये, इझस्पेस १३३ या बाइटला रिक्तचिन्ह मानत होते. पोलिश भाषेतील शेपटीयुक्त ‘ए’ हे अक्षर १९६ व १३३ अशा दोन बाइटांचे असल्याने त्याचा दुसरा बाइट रिक्त जागा समजून टाकला जाई. दुरुस्ती करताना लोकेलवर अवलंबून नसलेली स्वतंत्र चाचणी वापरण्यात आली. देवनागरीतील ‘अ’ हे अक्षर २२४, १६४ व १३३ असे आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. लिनक्सवर जीएनयू ग्रंथालयाच्या यूटीएफ-८ लोकेलमध्ये १२७ पुढील सुटा बाइट रिक्त मानला जात नाही, त्यामुळे तोच प्रोग्रॅम तेथे निर्दोष भासतो.

यातून बाहेर पडण्याचा मार्ग यूटीएफ-८च्या रचनेतच आहे. केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये हे संकेतन रचताना अशी व्यवस्था केली की, १२८ पेक्षा लहान बाइट कोणत्याही बहुबाइट अक्षराच्या पोटात कधीच येणार नाही. ३२ हा बाइट दिसला तर ती रिक्त जागाच, दुसरे काही नव्हे. म्हणून इझस्पेसचा आधार सोडून, वर दिलेल्या सहा संकेतांकांशी थेट तुलना करणारे चार ओळींचे स्वतःचे फंक्शन लिहिले, तर ते कोणत्याही लोकेलमध्ये व कोणत्याही भाषेतील यूटीएफ-८ मजकुरावर सुरक्षित चालते. कर्निगन व रिची यांच्या ‘ट्रिम’ने तीन चिन्हांशी अशीच थेट तुलना केली होती. यूटीएफ-८चा जन्म व्हायच्या आधीचे ते फंक्शन ‘विद्यापीठ’ अखंड ठेवते. कॅरेज रिटर्न मात्र त्याच्या नजरेतून सुटतो.

अदृश्य परंतु सार्थ

सहा चिन्हांची यादी सुरक्षित असली तरी पुरेशी आहे काय, हा उपप्रश्न राहतो. युनिकोडने ‘रिक्त’ हा गुणधर्म २५ चिन्हांना दिला आहे. त्यांपैकी न तुटणारी रिक्त जागा संकेतस्थळांवरून किंवा शब्दप्रक्रियकातून उचललेल्या मजकुरात वारंवार आढळते. यूटीएफ-८मध्ये तिचे १९४ व १६० असे दोन बाइट होतात. ती काढावयाची असेल, तर हे दोन्ही बाइट एकत्र तपासून एकत्रच काढले पाहिजेत. एकट्या १६० वर निर्णय घेणे म्हणजे पुन्हा ‘ठ’ तोडणे. काही फायलींच्या अगदी आरंभी २३९, १८७ व १९१ असे तीन बाइट असतात. ती संकेतनाची खूण असून युनिकोडच्या व्याख्येनुसार रिक्तचिन्ह नाही, तथापि यादीतील पहिलेच नाव तिच्यामुळे सापडेनासे होते. ती फाईल उघडतानाच, एकदाच, दूर करणे श्रेयस्कर.

याउलट, जे दिसत नाही ते सर्व निरर्थक असते असेही नाही. शून्य रुंदीचा जोडक हे चिन्ह २२६, १२८ व १४१ या तीन बाइटांचे आहे. पडद्यावर त्याला स्वतःचे रूप नाही, पण त्याच्या आधीच्या व्यंजनाचे रूप ते ठरविते. मराठी व्याकरणावरील लेखनात अर्धे ‘क’ सुटे दाखवायचे असते, तेव्हा क, हलन्त आणि हा जोडक अशी योजना करतात. जोडक काढला की अर्ध्या अक्षराऐवजी पाय मोडलेला ‘क्’ दिसतो. अदृश्य चिन्हे सरसकट काढणारे फंक्शन भाषाविषयाच्या अध्यापकाने तयार केलेल्या तक्त्यावर चालविल्यास त्याचा अर्थच बिघडेल. युनिकोडने या जोडकाला रिक्त मानलेले नाही, आणि ते योग्यच आहे. स्टॅक ओव्हरफ्लोच्या उपरोक्त पदावलीत याच जातीतला, शून्य रुंदीचा विजोडक मात्र काढावयाच्या यादीत होता. इंग्रजी मजकुरात तो बहुधा कचराच असतो; फारसीत किंवा भारतीय लिप्यांत तसे गृहीत धरता येत नाही.

पूर्ण युनिकोडचा विचार करणारी व्यापक फंक्शनेही सी भाषेत आहेत, पण तीही लोकेलवर अवलंबून असतात आणि त्यांच्या रुंद अक्षराचा आकार विंडोजवर १६ बिट तर लिनक्सवर ३२ बिट असतो. नावांच्या याद्या व प्रवेशाच्या नोंदी यांसारख्या कामांसाठी सहा चिन्हे अधिक न तुटणारी रिक्त जागा एवढी स्पष्ट, लिखित यादी पुरते. परवलीचा शब्द, कवितेतील ओळींची मांडणी किंवा पायथॉन भाषेतील प्रोग्रॅमच्या ओळी यांवर हे फंक्शन मुळात चालवूच नये, कारण तेथे आरंभीची जागा हा मजकुराचाच भाग आहे.

असे फंक्शन प्रात्यक्षिकात तपासताना इंग्रजी शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन रिक्त जागा, ही एकच चाचणी घेतली जाते. तिच्या जोडीला आणखी काही चाचण्या हव्यात. रिकामी स्ट्रिंग रिकामीच परत यावी. केवळ रिक्त जागांची स्ट्रिंग रिकामी व्हावी आणि तिच्या आधीच्या बाइटला हात लागू नये. पहिले नाव व आडनाव यांच्या मधली जागा जशीच्या तशी राहावी. १३ व १० यांनी संपणारी ओळ दोन्हींविना परतावी. मॅलॉकने मिळविलेली स्ट्रिंग स्वच्छ केल्यानंतर फ्रीने बिनतक्रार मोकळी व्हावी. जोडकाने संपणारे अर्धे ‘क’ अर्धेच राहावे. आणि वापरकर्त्याचे लोकेल लागू करून, विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींवर, शेवटी एक रिक्त जागा असलेला ‘विद्यापीठ’ हा २८ बाइटांचा शब्द दिल्यास २७ बाइट परत यावेत.